चित्र आधी, आवाज मागून

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात कंत्राटी तंत्रज्ञ होते. पदाचं नाव भारी होतं. खरं काम एवढंच, की संगणक चालू राहावेत, प्रिंटरमध्ये कागद अडकू नये आणि व्हिडिओवरच्या सुनावणीत आवाज यावा. गाव माझं आसगाव. बाबा पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार, त्यामुळे पगारावर जगणारी घरातली मी दुसरी. आई गावात सांगायची, "माही पोरगी कोर्टात आहे." मग सुट्टीला घरी गेले की कोणीतरी सातबारा घेऊन ओट्यावर येऊन बसायचं. मी वकील नाही, वायरी जोडते, हे सांगून सांगून थकले होते.

त्या न्यायालयात सुनावणीआधी व्हिडिओ तपासायची पद्धत ठरलेली होती. मी साक्षीदाराच्या कठड्याजवळच्या माइकशी उभी राहायचे आणि विचारायचे, "आवाज येतो का?" पलीकडून "येतो" असं उत्तर आलं की वहीत लिहायचं: आवाज स्पष्ट, चित्र ठीक. चित्राकडे मी बघायचे, पण खरं सांगायचं तर कोणीतरी दिसतंय एवढंच बघायचे.

मग त्या बाईचा दावा आला.

ती तिशीतली होती आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणी तिला नागपूरच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं, म्हणून खुणांची रीतसर भाषा तिला उत्तम यायची. घरात मात्र ती भाषा कोणालाच येत नव्हती. वडील वारल्यावर भावानं एका कागदावर तिची सही घेतली. वडिलांच्या धानाच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, हिस्सा तिनं राजीखुशीनं सोडला, असं त्या कागदात लिहिलेलं होतं. कागदात काय आहे ते मला कोणी सांगितलंच नाही, असं तिचं म्हणणं. आम्ही खुणेनं नीट समजावलं होतं, असं भावाचं. दाव्यात बाकी फारसं काही नव्हतं. तिनं काय सांगितलं यावरच सगळं उभं होतं.

तिच्या भाषेची दुभाषी नागपूरला होती. अशा दुभाष्या फार थोड्या, आणि तिला प्रत्येक तारखेला आमच्याकडे येणं शक्य नव्हतं. म्हणून ठरलं की बाई कठड्यात उभी राहून कॅमेऱ्यासमोर हातानं बोलेल, नागपूरची दुभाषी प्रश्न तिला पडद्यावरून खुणांत विचारेल, तिचं उत्तर बघून मराठीत सांगेल आणि न्यायाधीश मॅडम नोंदवून घेतील.

पहिल्या तारखेला चित्र अडकत राहिलं. जुन्या फायली स्कॅन करून पाठवायचं काम तेव्हा दिवसभर चालायचं, त्यामुळे लाइनवर ताण येतो, असं मी सांगितलं. पुढच्या तारखेला स्कॅनिंग बंद ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या तारखेला स्कॅनिंगवाला खरोखरच हात बांधून बसला होता. बाई तिच्या मामीसोबत सकाळीच आली होती. मी माइकशी उभी राहून विचारलं, आवाज येतो का? येतो. वहीत लिहिलं. पुकारा झाला, शपथ झाली. कागदावर सही तुझी आहे का, असं विचारलं गेलं. बाईनं हात उचलले आणि बोलायला लागली. भराभर, न थांबता. पाच-सहा वाक्यं तरी असतील. बोलून झाल्यावर तिनं हात खाली घेतले आणि मॅडमकडे बघितलं. मनातलं एकदाचं बोलून झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

स्पीकरमधून दुभाषीचा आवाज खणखणीत आला. "मॅडम, चित्र थांबलं होतं. मला 'कागद' दिसला, 'सही' दिसली, 'माहीत' दिसलं. त्यापुढचं दिसलं नाही."

भावाचे वकील लगेच उभे राहिले. "'माहीत' दिसलं ना? मग तेवढं नोंदवून घ्यावं."

"नाही सर," दुभाषी म्हणाली. "नकार मानेनं आणि चेहऱ्यानं येतो. 'माहीत' की 'माहीत नाही', ते मी मान बघितल्याशिवाय सांगू शकत नाही. आणि मला मान दिसली नाही."

मॅडमनी काही नोंदवलं नाही. दुभाषीनं पडद्यावरून बाईला पुन्हा सांगायला सांगितलं. बाईनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तिथेच चित्र अडकलं. तिसऱ्यांदा तेच झालं. चौथ्यांदा तिनं हात उचललेच नाहीत. मॅडमनी पुढची तारीख दिली.

नंतर पाहिलं तर शेजारच्या खोलीत त्या दिवसाचे आदेश वेबसाइटवर चढवणं सुरू होतं आणि आवारातल्या कॅमेऱ्यांचं चित्रणही त्याच वेळी जिल्ह्याला जात होतं. म्हणजे एकाला थांबवून भागणार नव्हतं.

व्हरांड्यात मामीनं मला गाठलं. "बाई, तुमीच न त्या मशीनवाल्या?"

"हो."

"मंग हिचं बोलनं काहून नाही पोचत जी? त्या नागपूरवालीचा आवाज त एकदम चांगला येऊन राहिला होता."

लाइन कमी पडते, असं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. सवयीचं उत्तर. पण 'आवाज एकदम चांगला' हे तिचे शब्द कानात राहिले. आवाज चांगला येत होता, कारण तो मीच तसा ठेवला होता, असं तेव्हा मला वाटलं.

ते सांगायचं तर स्विच काय असतो ते सांगावं लागेल. लोखंडी कपाटात एक चपटी पेटी असते. इमारतीतल्या सगळ्या खोल्यांच्या वायरी तिच्यात येतात आणि तिथून एकच वायर बाहेरच्या लाइनकडे जाते. आत येणारं खूप, बाहेर जायची वाट अरुंद. मग कोणी आधी जायचं आणि कोणी थांबायचं, हे त्या पेटीला सांगून ठेवावं लागतं. तिच्यात रांगा असतात. मी रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या रांगा मोठ्या हौसेनं लावल्या होत्या, अगदी पुस्तकात असतात तशा. आवाज सगळ्यांत पुढे. चित्र खूप मागे, स्कॅन केलेल्या फायली आणि कॅमेऱ्यांच्या सोबत. पुस्तकाचं कारण बरोबर असतं. आवाज तुटला तर बोलणं कळत नाही, आणि चित्र क्षणभर थांबलं तर कोणाचं काही अडत नाही.

कोणाचं काही अडत नाही, हे मी गृहीत धरलं होतं. त्या दिवशी वहीतलं माझंच अक्षर बघून मला लाज वाटली. 'चित्र ठीक'. मी ती ओळ खोडली नाही, पण खाली लिहिलं: चित्र ठीक नव्हतं.

तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. त्याच्या आत हे नीट करायचंच, असं मी ठरवलं.

आमचे कार्यालय अधीक्षक भले गृहस्थ, पण चालू यंत्राला हात लावायचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. "काय करून राहिली व तू? सारं बराबर चालू आहे ना?"

"सर, बरोबर चालू नाही. त्या बाईची साक्ष दोनदा अडकली."

"मंग तिसऱ्यांदा साऱ्यायले काम बंद ठेवाले सांगू. चालू गोष्टीले कायले हात लावतं? उद्या बंद पडलं त मॅडमले मी काय सांगू?"

"मी सांगते मॅडमना," मी म्हणाले आणि अर्ज लिहायला बसले. तीनदा लिहिला. पहिल्या दोनमध्ये इंग्रजी शब्दच जास्त झाले होते.

मॅडमनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. "तोंडी सांगा. दोन वाक्यांत."

"मॅडम, आवाज आणि चित्र एकाच वायरीतून जातात आणि मी आवाजाला आधी सोडलंय. ती बाई हातानं बोलते, तिचं सगळं बोलणं चित्रात आहे, म्हणून ते मागे राहतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चूक तुमची."

"हो मॅडम."

"जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास देते. रोज. त्याच्या बाहेर हात लावायचा नाही, आणि काय बदललं ते रोज लिहून ठेवायचं."

त्यानंतर माझा डबा मी अकरालाच खाऊन घ्यायला लागले.

पहिल्या दिवशी मी रांगांचा क्रम बदलला. साक्षीच्या खोलीतून येणारं चित्र वर, अगदी पहिल्या रांगेत. आवाज त्याच्या मागे. मग नागपूरच्या दुभाषीला फोन केला आणि विनंती केली, की मॅडम, रोज सुट्टीत दहा मिनिटं मला द्याल का? ती म्हणाली, "दोन तारखा माझ्याही गेल्यात. देते की." पण तपासायचं कसं? 'आवाज येतो का' आता चालणार नव्हतं. मग तिनं मला फोनवरच, कोणतं बोट कसं धरायचं ते तोंडी सांगून, एक ते वीस आकड्यांच्या खुणा शिकवल्या. मी कठड्यात उभी राहून कॅमेऱ्यासमोर उलटसुलट आकडे हातानं दाखवायचे आणि तिनं दिसले तसे बोलून सांगायचे. मी कागदावर लिहून आणलेल्या आकड्यांशी ते ताडून बघायचे.

मी दहा आकडे दाखवले. तिला चार दिसले.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा तपासलं. क्रम बरोबर होता. तरी तिला पाच. तिसऱ्या दिवशी तीन. शिपाई दारात उभा राहून बघायचा. रिकाम्या न्यायालयात ही बाई एकटीच कठड्यात उभी राहून बोटं नाचवते, हे एव्हाना चहाच्या टपरीपर्यंत पोचलं होतं. अधीक्षक फक्त घड्याळाकडे बोट दाखवायचे.

चौथ्या दिवशी मी कठड्यात उभी राहिलेच नाही. स्विचसमोर बसले आणि त्याच्या आतले आकडे वाचत राहिले. कोणत्या रांगेत किती आलं, किती गेलं, किती टाकून द्यावं लागलं, हे सगळं तो मोजत असतो. टाकून दिलेल्यांचा आकडा प्रत्येक रांगेत शून्य होता. मी दोनदा बघितलं. माझ्या स्विचमध्ये कोणी थांबतच नव्हतं! स्विचमधून बाहेर पडायचं तोंड रुंद होतं, खरी अरुंद लाइन त्याच्या पुढे, लाइनवाल्या कंपनीनं बसवलेल्या पेटीपासून सुरू होत होती. गर्दी तिथे होत होती. आणि त्या पेटीला माझी बाई कोण, फाइल कोणती, काही ठाऊक नव्हतं. जागा संपली की ती येईल ते टाकून देत होती.

मी तीन दिवस अशा ठिकाणी रांगा लावत होते जिथे रांगच नव्हती. हौसेनं लावलेला जुना क्रमही नावापुरताच होता; आवाज हलका, म्हणून तो निभावत होता.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. बाहेर जाणारं माझंच तोंड मी लहान केलं, पुढच्या लाइनपेक्षा थोडं कमी. आता पुढे गर्दी व्हायचं कारण उरलं नाही, थांबायचं ते माझ्या स्विचमध्ये थांबायला लागलं आणि मी लावलेला क्रम पहिल्यांदा खरोखर लागू झाला. त्या रविवारी घरी गेल्यावर बाबांना हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते बिडी न पेटवता ऐकत राहिले आणि म्हणाले, "मंग? वरचं तोंड बारीक केल्याबिगर शेवटच्या बांधीले पानी पोचते का कधी?" चार दिवस डोकं फोडून मिळालेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात उरकली, याचा मला थोडा रागच आला.

सोमवारी दहापैकी आठ. मी कठड्यातच टाळी वाजवली. दुभाषी मात्र खूश नव्हती. "तुमचा चेहरा अगदी फोटोसारखा सुंदर दिसतो, पण हात उड्या मारत येतात. दोन जागा दिसतात, मधली हालचाल दिसत नाही. मला फोटो नकोय." व्हिडिओचा प्रोग्रॅम मुळात चित्र सुबक ठेवायचा आणि हालचाल कापायचा. मी त्याचा सुबकपणा कमी केला. चित्र जरा भुरकट झालं, पण हात सलग वाहायला लागले. दहापैकी दहा. पुन्हा वीस आकडे दाखवले. वीसपैकी वीस.

मी वहीत लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर खुर्चीवर टेकले न टेकले तोच स्कॅनिंगवाला दारात. सकाळपासून पाठवायला लावलेल्या फायली मध्येच तुटल्या होत्या. "तुम्ही काय केलं जी मॅडम? अख्खा गठ्ठा मले पहिल्यापासून पाठवा लागन. मी काय माणूस नाही का?"

त्याचं बरोबर होतं. चित्राला मी असं पुढे केलं होतं, की त्याला हवं तेवढं सगळं मिळेपर्यंत बाकीच्यांना काहीच नाही. घाईच्या भरात आधी मागे राहिलेल्याला पुढे नेताना मी दुसऱ्याला दाराबाहेर काढलं होतं. त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या तासात चित्राला पुढे ठेवूनच त्याला एक कमाल मर्यादा घातली, आणि फायलींच्या रांगेला काही झालं तरी मिळेल असा एक ठरलेला वाटा दिला. हळू जातील, पण तुटणार नाहीत. मग मुद्दाम सगळं एकदम सुरू केलं. स्कॅनिंग चालू, आदेश चढवणं चालू, कॅमेरे चालू. स्कॅनिंगवाल्यालाच मी सांगितलं, "पाठवा, जेवढं पाठवायचं तेवढं." आणि कठड्यात जाऊन वीस आकडे दाखवले. वीसच्या वीस आले. त्याच्या फायलीही गेल्या. तो म्हणाला, "धीमं आहे, पण जाऊन राहिलं."

तारखेच्या दिवशी मी कोणालाही काम बंद ठेवायला सांगितलं नाही. अधीक्षकांनी विचारलं तेव्हाही नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि देवाचं नाव घेतलं.

बाईनं आज हिरवी साडी नेसली होती. मामीनं सांगितलं, की मागच्या तारखेनंतर तिनं घरी दोन दिवस कोणाशी खूण केली नव्हती. आजही यायला तयार नव्हती. मी माइकऐवजी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, आकडे दाखवले, पलीकडून दुभाषीनं अंगठा वर केला. मग पुकारा झाला.

सही तुझी आहे का?

बाईनं आधी पडद्याकडे बघितलं, मग मॅडमकडे, आणि हळूच हात उचलले. आधी एकच वाक्य बोलली आणि थांबली, पोचतंय का बघायला.

"सही माझी आहे," दुभाषी म्हणाली.

मग ती थांबली नाही. आणि दुभाषीचा आवाज तिच्या हातांच्या मागोमाग येत राहिला. "वडिलांच्या तेराव्यानंतर भाऊ कागद घेऊन आला. त्यानं रेशनच्या दुकानाची खूण केली. मला वाटलं रेशनकार्डावरचं वडिलांचं नाव कमी करायचंय. कागद मराठीत होता, शब्द कोर्टाचे होते, मला समजले नाहीत. जमिनीची खूण कोणी केली नाही. हिस्सा सोडतेय हे मला माहीत नव्हतं."

मी पडद्याकडे नाही, तिच्या मानेकडे बघत होते. मान दोनदा हलली, स्पष्ट.

उलटतपासणी दोन तास चालली. वकिलांनी प्रश्न फिरवून फिरवून विचारले, ते त्यांचं कामच होतं. तुला घरच्या खुणा समजतात ना? "जेव, ये, पाणी आण, एवढ्या समजतात," तिनं सांगितलं. "घरच्या खुणांत हिस्सा हा शब्दच नाही." मॅडमनी ते वाक्य लघुलेखकाला दोनदा वाचून दाखवायला लावलं. त्या दोन तासांत चित्र एकदाही थांबलं नाही. मी कपाटाच्या खोलीत उभी होते, आकडे बघत. फायलींच्या रांगेत गर्दी होती, टाकून दिलेलंही होतं, पण ते पुन्हा पाठवलं जात होतं. वरच्या रांगेत शून्य. या वेळचं शून्य खरं होतं.

सुटल्यावर ती मामीला घेऊन माझ्याकडे आली. मामी म्हणाली, "इले पाहाचं आहे, तुमी का केलं त." मी तिला कपाट उघडून लुकलुकणारे दिवे दाखवले. मग समजावायला शब्दच नाहीत म्हणून मला येत होते ते आकडे हातानं दाखवायला लागले. तिनं मला नऊला थांबवलं, माझं बोट धरून सरळ केलं आणि हसली. इतके दिवस मी नऊ चुकीचा दाखवत होते. दुभाषीनं मोठ्या मनानं तो चालवून घेतला होता.

निकाल लागायला बरेच महिने गेले. हक्क सोडल्याचा कागद तिच्यावर बंधनकारक नाही, असा निकाल झाला. भाऊ वर अपिलात गेला, तिथेही तेच राहिलं. हे मला मामीकडून बाजारात कळलं. बाई आता स्वतःच्या दोन बांध्यांत धान लावते, भावाशी बोलणं नाही, आई मात्र तिच्याकडे येऊन राहते.

माझं कंत्राट त्याआधीच संपलं होतं आणि मी भंडाऱ्याला दुसऱ्या नोकरीत होते. निघताना मी सगळा क्रम आणि त्याचं कारण मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तरी एक दिवस माझ्या जागी आलेल्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, इथल्या स्विचमध्ये गडबड आहे. व्हिडिओ आवाजाच्या वर लावलाय. मी सरळ करून टाकू का?"

"दाराला चिकटवलेलं वाचलंत का?"

"कागद आहे, पण अर्धा फाटलाय."

मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात अशीच एक साक्ष लागली आहे जी. बुवा आहे एक, त्यालेही ऐकू येत नाही."

"मग नागपूरला फोन करा," मी म्हणाले, "आणि आधी आकडे शिकून घ्या." त्यानं नंबर लिहून घेतला.